वादळाची नोंद आणि वादळाची आठवण

मुंबईवर ६ जून १८८२ रोजी चक्रीवादळ कोसळले आणि त्यात एक लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे विधान आपत्तींच्या अनेक याद्यांत दीर्घकाळ आढळत आले. १८८१च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ रहिवाशांमागे जवळजवळ एक माणूस गेला, असे मानावे लागते. एवढ्या संहाराची दखल समकालीन वृत्तपत्रांनी घेतली नसती, हे संभवत नाही. परंतु अभ्यासकांना तसा पुरावा मिळाला नाही. अमिताव घोष यांनीही २०१६च्या आपल्या ग्रंथात या कथेविषयी शंका उपस्थित केली. न घडलेल्या वादळाला अशा रीतीने इतिहासात जागा मिळाली होती.

घडलेल्या वादळांची स्मृती कोकणकिनाऱ्याने वेगळ्या प्रकारे जपली. १९२७ साली ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या आगबोटी बुडाल्या. १९४८ साली मुंबई आणि लगतच्या किनाऱ्याला तडाखा बसला. २००९ साली ‘फयान’ आले. ही तिन्ही वादळे नोव्हेंबरातली. पावसाळा सरलेला, समुद्र निवळलेला, होड्या मासेमारीस गेलेल्या. त्यामुळे या आठवणींत परत न आलेल्या माणसांची वाट पाहणे अधिक आहे.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेल्या ‘निसर्ग’ वादळाची आठवण निराळी आहे. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांवर गेला, घरांवरचे पत्रे उडाले, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस असल्यामुळे मुंबईतील नातलगांना गावी धावून जाणेही अवघड होते. पोफळ फळास येण्यास सहा-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावलेल्या झाडावर नातवाचा संसार चालावा, अशी ही शेती. तेथे वादळाचा काळ दुपारपुरता मोजता येत नाही.

शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली. हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे; पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने अडीच हजार रुपये येतात. कोकणातील वाडी मात्र गुंठ्यांची असते आणि तिच्यातील झाडे दाट असतात. म्हणून बागायतदारांनी झाडांची मोजणी मागितली. पुढे शासनाने झाडामागे मदत देण्याचे तत्त्व मान्य केले. नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजीच होती.

तरीही या मागणीचे महत्त्व इतिहासाच्या दृष्टीने मोठे आहे. कोणते झाड कोणी लावले, ते केव्हा धरू लागले, हे वाडीवाल्याला तोंडपाठ असते. १८८२च्या कथेतील लाखाच्या आकड्यामागे एकही नाव नव्हते. पडलेल्या पोफळींचा हिशेब सांगणाऱ्या बागायतदाराजवळ मात्र प्रत्येक झाडाची हकिकत होती. ती नोंदवून घेणारे पुस्तक तेवढे नव्हते.