युद्धविराम दिनाचे हिमवादळ : ११ नोव्हेंबर १९४०

१/ ११ नोव्हेंबर १९४०. पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाची अमेरिकेत त्या दिवशी सुट्टी होती. आग्नेय मिनेसोटात सकाळची हवा इतकी उबदार होती की मिसिसिपी नदीवर बदकांच्या शिकारीला निघालेल्या अनेकांनी जाड कोट घरीच ठेवले. त्यांतील कित्येक जण परतले नाहीत.

२/ यामागे भूगोल आहे. भारताच्या उत्तरेस हिमालय आडवा उभा असल्यामुळे मध्य आशियातील गोठवणारी हवा बव्हंशी तिकडेच अडते. उत्तर अमेरिकेतील मोठ्या पर्वतरांगा मात्र उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. त्यामुळे आर्क्टिकची थंड हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरची उष्ण, दमट हवा यांना मधल्या मैदानात रोखणारे काहीच नाही.

३/ त्या दिवशी या दोन्ही हवा एका तीव्र कमी दाबाच्या केंद्राभोवती खेचल्या गेल्या. केंद्र ईशान्येकडे सरकत होते. त्याच्या पुढे उबदार वारे होते, तर मागे हाडे गोठवणारे. सकाळची ती ऊब म्हणजे येणाऱ्या वादळाचाच पुढचा भाग होता.

४/ वादळापुढे पळणारी बदके थव्यांमागून थवे करून नदीवर उतरू लागली. अशी शिकार वर्षानुवर्षे मिळाली नव्हती, त्यामुळे शिकारी थांबून राहिले. मग पाऊस आला, त्याचे बर्फ झाले आणि वारा इतका उसळला की लहान होड्यांना किनारा गाठता येईना.

५/ मिनियापोलिसमध्ये सुमारे ४३ सेंमी, तर कॉलेजव्हिल येथे ६७ सेंमीहून अधिक बर्फ पडले. रस्त्यांवर मोटारी आणि रुळांवर आगगाड्या अडकल्या. मिनेसोटात ४९ माणसे दगावली. त्यांतील जवळपास निम्मे शिकारी होते.

६/ नदीतील बेटांवर अडकलेल्यांनी होड्या पालथ्या घालून आडोसा केला. झोप म्हणजे मृत्यू हे ओळखून काहींनी रात्रभर अंग हलते ठेवले. दुसऱ्या दिवशी विनोना येथील वैमानिक मॅक्स कॉनरॅड यांनी त्या वाऱ्यातही आपले छोटे विमान उडवले. अडकलेल्यांसाठी त्यांनी वरून अन्न व काडेपेट्या टाकल्या आणि बचाव करणाऱ्यांना त्यांच्यापर्यंतची वाट दाखवली.

७/ पूर्वेस मिशिगन सरोवरावर याच वादळाचे रूप वेगळे होते. तिथे घातक ठरला तो वारा. ‘विल्यम बी. डेव्हॉक’ आणि ‘अ‍ॅना सी. मिंच’ ही मालवाहू जहाजे सर्व खलाशांसह बुडाली. ‘नोव्हाडॉक’ उथळ पाण्यात रुतून फुटले. त्यावरील बहुतेकांना एका मच्छीमार नौकेने वाचवले. सरोवरावरील बळींची संख्या ६० च्या वर गेली.

८/ दक्षिणेस आयोवात सफरचंदाच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. हिवाळ्यापूर्वी झाडे हळूहळू थंडीला सरावतात. या झाडांना तेवढी सवडच मिळाली नाही. हीच थंडी जानेवारीत आली असती, तर बहुतेक झाडे ती सोसू शकली असती.

९/ मग पूर्वसूचना का मिळाली नाही? त्या काळी मिनेसोटाचे अंदाज शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शिकागोच्या कार्यालयातून निघत आणि तिथे रात्री अंदाज वर्तवणारे कोणी नसे. थंडी वाढेल हे सांगितले गेले होते. ती किती आणि किती वेगाने वाढेल, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

१०/ दीडशेच्या आसपास बळी गेल्यावर व्यवस्था बदलली. शिकागोत अहोरात्र काम सुरू झाले आणि मिनेसोटाचे अंदाज मिनियापोलिसमधूनच देण्याचे ठरले. त्या सकाळी कोट घरी ठेवणाऱ्यांना आपण बेफिकीर म्हणू नये. त्यांनी आपल्या अंगणातले आकाश पाहून निर्णय घेतला. क्षितिजापलीकडचे सांगण्याचे काम ज्यांचे होते, ते दूर होते आणि त्या रात्री जागे नव्हते.