उसळी आवरणारा स्क्रू

2023 च्या जानेवारीत आपल्या वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मेळा भरला, तेव्हा गर्दी अर्थातच लांबलचक राजेशाही गाड्यांभोवती होती. आम्हाला मात्र पहिल्यापासून वेड छोट्या गाडीचे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडलेला विषयही छोटाच आहे : ब्रिटनची जुनी मिनी आणि तिचे कमी-जास्त करता येणारे शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप.

नाव काही असो, खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. पण दबलेली स्प्रिंग परत उसळते आणि उसळतच राहते. ती उसळी जिरवणे हे शॉकअपचे काम. घोडागाडीच्या काळी कमानपाट्यांची पाने एकमेकांवर घासत, तेवढ्यावर भागत असे. मोटारींचा वेग वाढला आणि ते पुरेना. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या त्र्युफो यांचे घर्षणावर चालणारे साधन अमेरिकेत हार्टफर्ड यांनी बाजारात आणले. दोन दांड्या, मध्ये चकत्या आणि एक नट. नट आवळला की घर्षण वाढे. गाडी आपल्या रस्त्याप्रमाणे जुळवून घेण्याची सोय तेव्हापासूनची! दोष एवढाच, की बारीक खाचखळग्यांवर ते अडून बसे आणि मोठ्या धक्क्याला कमी पडे. पुढे आलेल्या तेलाच्या शॉकअपमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते. जितकी जोरात हालचाल, तितका विरोध जास्त. नटाच्या जागी छिद्र कमी-जास्त करणारा स्क्रू आला.

मिनी जगापुढे आली 26 ऑगस्ट 1959 रोजी. सुएझच्या पेचप्रसंगात पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून छोट्या गाडीची निकड भासली होती. स्मर्ना येथे जन्मलेल्या अॅलेक इसिगोनिस यांनी दहा फुटांत चार माणसे बसवली, चाके दहा इंची ठेवली. मग स्प्रिंगला जागा कुठली? अॅलेक्स मोल्टन यांनी तिथे रबराचे शंकू बसवले. रबर जसे दबते तसे कडक होत जाते, म्हणून एकटा चालक असो की भरलेली गाडी, दोन्ही भार ते पेलते. 1964 पासून काही वर्षे बऱ्याच मिनींत रबराच्या जोडीला द्रव वापरला गेला. त्या गाड्यांना वेगळे शॉकअपच नव्हते. नंतर कंपनी पुन्हा साध्या रबराकडे वळली.

मिनीने 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली जिंकली आणि हौशी लोकांच्या डोक्यात एकच बसले : शॉकअप जितका कडक, तितकी गाडी बहाद्दर.

आम्हीही त्यातलेच. बर्मिंगहॅमला, जिथल्या लाँगब्रिज कारखान्यात मिनी बनत, तिथे आमचे एक दादा राहतात. त्यांच्या मिनीला नवे शॉकअप बसवले आणि आम्ही दोघांनी उत्साहाने चारही स्क्रू शेवटपर्यंत आवळले. तिसऱ्या गतिरोधकाला मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला उतरवा. मी चालत येते, तुम्ही व्हा पुढे."

चूक साधी होती. रबर आधीच कडक, त्यात आम्ही कडकपणाची भर घातली. आता चाक रस्ता धरण्याऐवजी रस्त्यावरून उडत होते. मग रीतसर सुरुवात केली. आधी टायरमधली हवा आणि रबराचे शंकू तपासले, कारण खचलेला शंकू कोणताही स्क्रू उचलून धरत नाही. चारही शॉकअप अगदी मऊ केले आणि घरामागचा एकच रस्ता ठरवून त्याच वेगाने पुन्हा पुन्हा फिरलो. पुढचे स्क्रू थोडेथोडे वाढवले, डावा-उजवा अगदी सारखे. मागचे त्याहून सैल ठेवले, कारण इंजिनाचे वजन सगळे पुढे आणि मागची बाजू हलकी. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी डुलत न राहता एका दमात स्थिर झाली, तिथे थांबलो. (काही शॉकअप काढून, पूर्ण दाबून मगच फिरवावे लागतात. आमचे तसे नव्हते, हे नशीब!)

अख्खा रविवार गेला. संध्याकाळी वहिनींना पुन्हा बसायला राजी करणे हेच सर्वांत अवघड काम ठरले. परतीच्या वाटेवर आरशात पाहिले, तर त्यांचा डोळा लागला होता.