सटवाईचे लिखित आणि सीमेवरची बाळंतीण

सोलापूरला जाणाऱ्या आपल्या सीमाभागातील माणसाला डफरिन चौक ठाऊक असतो. नावामागचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. 1885 मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुईणी मिळाव्यात म्हणून निधी उभारला. संस्थानिकांनी व धनिकांनी देणग्या दिल्या, ठिकठिकाणी त्या नावाची रुग्णालये उभी राहिली. दान मोठे होते, पण ते शहरापाशी थांबले. भालकी-औरादच्या खेड्यांतील बाळंतिणीसाठी ते दार दूरच राहिले. माझ्या आईचे पहिले मूल पाचवीच्या रात्रीच गेले. ‘सटवाईने लिहिले तेवढेच’, एवढे बोलून घर गप्प झाले.

हे लिखित पुसता येते, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांतील स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकविले. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे जगापुढे मांडले. आपल्या शेजारी, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेही ‘भारतवैद्य’ म्हणून गावच्याच स्त्रिया तयार केल्या. पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात-सेवेचे काम देशभरातील आशाताईंकडे सोपविले.

1956 मध्ये भाषावार प्रांतरचनेने उस्मानाबाद एकीकडे आणि बीदर-गुलबर्गा दुसरीकडे गेले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाजही टिकला. माझी मुलगी उमरग्याहून आली ती मराठी कार्ड घेऊन. इथले ‘तायी कार्ड’ कन्नडमध्ये. आमच्या आशाताईला दोन्ही भाषा येतात. तिसऱ्या दिवशी बाळाचे तळपाय तिच्या हाताला गार लागले. तिने लगेच बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावले, वरून पांघरूण घातले आणि ऊब येईपर्यंत ती उठली नाही.

देणगीदारांना माझे एवढेच सांगणे आहे : इमारतीच्या कोनशिलेवर नाव जरूर घाला, पण दोन्ही भाषा बोलणारी अशी एक बाई शिकवून तयार करा. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचते ते हेच दान.

पाचवीला पत्नीने रिवाजाप्रमाणे कोरा कागद आणि लेखणी मांडली. मी हरकत घेतली नाही. त्याच कोनाड्यात आशाताईने बाळाचे वजन लिहून ठेवलेले कार्ड होते.