न्यूट्रोफिल

रक्तातील पांढऱ्या पेशींचा, प्रौढ माणसात संख्येने सर्वांत मोठा प्रकार. निरोगी प्रौढाच्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जेत रोज सुमारे १०,००० कोटी तयार होतात. केंद्रक बहुधा २ ते ५ खंडांचे असते व खंड बारीक धाग्यांनी जोडलेले दिसतात.

पायात काटा रुतून जंतू आत शिरले, की तिथल्या ऊती रासायनिक संदेश सोडतात. रक्तासोबत वाहणारी न्यूट्रोफिल पेशी सूक्ष्म नीलेच्या अस्तरावरून घरंगळत मंदावते, चिकटते आणि अस्तरातील फटीतून अंग चोरून बाहेर पडते. जंतूला वेढून ती गिळते, पुटिकेत कोंडते आणि विकरे व हायपोक्लोरस आम्ल यांच्या माऱ्याने ठार करते. काही पेशी आपल्याच डीएनएचे जाळे बाहेर फेकून जंतू अडकवतात. हे विलक्षण वर्तन २००४ मध्ये उजेडात आले. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल; त्याची हिरवट छटा त्यांच्यातीलच एका विकराची.

पेशी जंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हा विचार इल्या मेच्निकोव्ह यांना १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत काटे टोचून पाहताना सुचला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासोबत मिळाले.

कर्करोगावरील रसायनोपचारात रक्तातील न्यूट्रोफिलची संख्या दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेली, तर जंतुसंसर्ग होऊनही पू धरत नाही. अनेकदा ताप हेच एकमेव लक्षण असते, म्हणून अशा रुग्णाला तपासणीचे निष्कर्ष येण्याआधीच प्रतिजैविके सुरू करतात.