राजीव पांडे स्मृती, रायपूर

सियाचीनच्या लढाईत 29 मे 1987 रोजी धारातीर्थी पडलेले सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांच्या नावाने छत्तीसगडमध्ये जपली जाणारी स्मृती. पांडे रायपूरचे. 8 जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्री या पलटणीत ते अधिकारी होते. सेकंड लेफ्टनंट ही त्या काळी अधिकारीपदाची पहिली पायरी. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले. राज्याचा क्रीडापुरस्कार आणि रायपुरातील शासकीय महाविद्यालय ही त्यांच्या नावाची ठळक स्मारके होत.

पार्श्वभूमी : एप्रिल 1984 मध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’द्वारे भारतीय सैन्याने सियाचीनलगतच्या साल्तोरो पर्वतरांगेवरील मोक्याच्या खिंडी ताब्यात घेतल्या. त्यानंतर पाकिस्तानने सुमारे 21,153 फूट उंचीच्या एका शिखरावर ठाणे उभारले आणि त्याला ‘कायद-ए-आझम’ जिनांवरून ‘कायद’ हे नाव दिले. तेथून सोनम व अमर या भारतीय चौक्या दृष्टिपथात येत. या चौक्यांना रसद हेलिकॉप्टरनेच पोहोचवावी लागे, त्यामुळे वरून होणारा मारा त्यांचा श्वासच कोंडणारा होता. 18 एप्रिल 1987 रोजी अशा माऱ्यात सोनम येथे दोन जवान मृत्युमुखी पडले आणि कायद ठाणे काबीज करणे अटळ ठरले.

पांडे यांची गस्त : ठाण्याकडे जाणारी वाट सुमारे 1,500 फूट उंचीच्या, जवळजवळ उभ्या बर्फभिंतीवरून होती. वाट चाचपण्यासाठी मेअखेरीस पांडे यांच्या नेतृत्वाखाली गस्तीपथक निघाले. विरळ हवेत चार पावले टाकली तरी दम लागतो, अशा जागी या पथकाने बर्फात खिळे ठोकून दोर बांधत चढण केली. माथा जवळ आला असताना शत्रूच्या नजरेस पडल्याने त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात पांडे आणि त्यांचे अनेक सहकारी ठार झाले.

ऑपरेशन राजीव : जूनमध्ये मेजर वरिंदर सिंग यांच्या हाताखाली नवे पथक उभारण्यात आले आणि मोहिमेला पांडे यांचेच नाव देण्यात आले. पहिल्या रात्री पांडे यांच्या पथकाने बांधलेले दोर जवानांना सापडेनात. ते हिमाखाली गाडले गेले होते आणि तुकडीला माघारी फिरावे लागले. पुढच्या प्रयत्नात ते हाती लागले आणि चढाई सुरू झाली. थंडीने बंदुका अडकत होत्या, हिमवादळ चालू होते, काही जवान कामी आले. 26 जूनला नायब सुभेदार बाना सिंग मोजक्या साथीदारांसह माथ्यावर पोहोचले. बंकरमध्ये हातबॉम्ब टाकून आणि संगिनींच्या झटापटीत त्यांनी ठाणे जिंकले. बाना सिंग यांना परमवीरचक्र मिळाले व शिखर ‘बाना टॉप’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्याने माथा सर केला त्याचे नाव शिखराला लाभले. ज्याने वाट घातली त्याचे नाव मोहिमेला मिळाले.

छत्तीसगडमधील स्मृती : 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले. राज्याच्या क्रीडा खात्याचा ‘शहीद राजीव पांडे पुरस्कार’ वरिष्ठ गटातील उत्कृष्ट खेळाडूंना दिला जातो. ‘खेल अलंकरण’ समारंभात विजेत्याला रोख रक्कम व मानपत्र मिळते. त्यामुळे पांडे यांचे नाव दरवेळी नव्या खेळाडूच्या नावाशी जोडून उच्चारले जाते. रायपुरातील भाटागाव येथे शासकीय शहीद राजीव पांडे महाविद्यालय आहे.

पुरस्कारांची परंपरा : छत्तीसगडच्या क्रीडापुरस्कारांची यादी म्हणजे या प्रदेशाचा शौर्याचा इतिहासच आहे. कनिष्ठ गटाचा पुरस्कार भिलाईचे कौशल यादव यांच्या नावाने आहे. कारगिल युद्धात 1999 साली झुलू टॉपवर लढताना ते कामी आले व त्यांनाही मरणोत्तर वीरचक्र मिळाले. आणखी एक सन्मान 2009 मध्ये मदनवाड्यात नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत शहीद झालेले राजनांदगावचे पोलीस अधीक्षक विनोद चौबे यांच्या नावाने आहे. प्रशिक्षकांसाठीचा ‘वीर हनुमान सिंह पुरस्कार’ थेट 1858 शी जोडलेला आहे : त्या वर्षी जानेवारीत रायपूरच्या पलटणीतील हनुमान सिंह यांनी इंग्रज सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले, आणि त्यांच्या 17 साथीदारांना रायपुरात फाशी देण्यात आले. इंग्रजी पलटणीविरुद्ध उठलेला सैनिक आणि स्वतंत्र भारताच्या सीमेवर पडलेला अधिकारी या एकाच यादीत येतात.