बाटला, ब्रेनवॉश झाला, की त्याला पटले?

नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आमच्या भंडारा जिल्ह्यातून जातो. भंडारा रोड आणि तुमसर रोड ही त्यावरची स्टेशने. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे तिशीतले ब्राह्मण कवी नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांना ते भाकीत मुळीच आवडले नाही, पण पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आज हीच गोष्ट घडली असती तर व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरले असते, हे सांगायला नको. 'रेल्वेत ब्रेनवॉश करून धर्मांतर!' हा शब्द आता आपल्या तोंडी इतका बसला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. चर्चमध्ये ब्रेनवॉश, मदरशात ब्रेनवॉश, बायबल म्हणजे ब्रेनवॉश, कुरआन म्हणजे ब्रेनवॉश. मी मुसलमान शिक्षक असल्यामुळे हा शब्द दोन्ही कानांनी ऐकतो. दुसऱ्यांकडून आपल्याबद्दल ऐकतो आणि आपल्याच काही मंडळींकडून ख्रिस्ती लोकांबद्दलही ऐकतो. म्हणून वाचक मित्रहो, या शब्दाचा थोडा इतिहास पाहू.

हा शब्द फार जुना नाही. एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने १९५० मध्ये तो इंग्रजीत रूढ केला. मूळ चिनी शब्दाचा अर्थ 'मेंदू धुणे' असाच आहे. साम्यवादी चीनमध्ये कैद्यांचे विचार बदलण्यासाठी जे केले जाई, त्याला हे नाव पडले. रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने चीनमधून सुटून हाँगकाँगला आलेल्या चाळीस जणांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कोठडी, झोप न देणे, अखंड चौकशी, बाहेरच्या जगाशी संबंध तोडणे, पुन्हा पुन्हा कबुलीजबाब लिहून घेणे, ही त्यातली साधने होती. गंमत अशी की या चाळीस जणांत अनेक जण ख्रिस्ती पाद्री होते. ज्या शब्दाने आज ख्रिस्ती धर्मोपदेशकांना झोडपले जाते, त्या शब्दाखाली अभ्यासले गेलेले पहिले बळी काही अंशी तेच होते. आणि सुटकेनंतर, बाहेरची मोकळी हवा लागल्यावर, बहुतेकांवरचा तो परिणाम ओसरत गेला.

म्हणजे मेंदू धुण्यासाठी पुस्तक पुरत नाही. बंद दार लागते.

इंग्रजी शब्द येण्यापूर्वी मराठीत आपला शब्द होता, 'बाटणे'. अमका बाटला, तमक्याला बाटवले. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेले सगळे गाव बाटले, अशा कथा वसई-गोव्याकडे सांगितल्या जातात. बाटण्यासाठी विचार करावा लागत नसे, पाण्याचा घोट पुरे. या दोन शब्दांतले साम्य पाहा. 'बाटला' म्हटले की त्याचे शरीर कोणीतरी विटाळले. 'ब्रेनवॉश झाला' म्हटले की त्याचा मेंदू कोणीतरी धुतला. दोन्ही वाक्यांत त्या माणसाने स्वतः काहीच केलेले नसते. व्याकरण शिकवणारा मास्तर म्हणून मला हे खटकते. कर्ता कुठे गेला?

आता खरोखर दार बंद असलेली उदाहरणे पाहू, कारण तीही आपल्या इतिहासात आहेत आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवटीने १५५९ मध्ये फर्मान काढले की आईबाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदू मुले ख्रिस्ती संस्थेच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा द्यावा. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन आले आणि ते १८१२ पर्यंत टिकले. ही सत्तेची जबरदस्ती होती. पोरक्या मुलाला ना घर ना विचारण्याची मुभा. याला ब्रेनवॉश म्हणा की आणखी काही, अन्याय तो अन्यायच.

मुंबईत इंग्रजांच्या काळात प्रश्न गुंतागुंतीचा झाला. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला. तो सोळा-सतरा वर्षांचा होता. पारशी समाज कोर्टात गेला. कोर्टाने त्याला त्याच्या मर्जीने राहू दिले. संतापलेल्या पालकांनी विल्सनच्या शाळेतून मुले काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांकडे राहू लागला. श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा होता. या वेळी कोर्टाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला.

या दोन निकालांत मला शहाणपण दिसते. सतरा वर्षांच्या मुलाने काय वाचले, त्याला काय पटले, हे विचारता येते. बारा वर्षांच्या पोराला घरापासून तोडून 'तुला पटले का' असे विचारण्यात अर्थ नसतो. पण श्रीपतची गोष्ट इथे संपत नाही. तो परत आला, तर त्याला जातीत घ्यायला शास्त्रीमंडळी तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभे राहून प्रायश्चित्ताची खटपट केली, तर त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. म्हणजे एका दाराला पाद्र्यांनी आतून कडी लावली म्हणून ओरडणाऱ्यांनी आपल्या दाराला मात्र बाहेरून कुलूप घातले होते.

त्या काळातल्या जाणत्या माणसांनी मिशनऱ्यांना उत्तर कसे दिले, हेही पाहण्यासारखे आहे. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत. लोक ऐकायला जमत. हे वाद पुढे पुस्तकरूपाने छापले गेले. त्याआधी, एप्रिल १८५४ मध्ये, आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फँडर यांचा दोन दिवस वाद झाला. मौलानांच्या सोबत डॉ. वजीर खान होते. त्यांना इंग्रजी येत असे. त्यांनी युरोपातल्या विद्वानांनीच बायबलवर घेतलेले आक्षेप पुढे ठेवले, आणि त्याची तयारी फँडर यांनी केलेली नव्हती. मौलाना 'तुम्ही लोकांचा मेंदू धुता' असे म्हणाले नाहीत. त्यांनी समोरच्याचा ग्रंथ वाचला आणि उत्तर दिले. ज्याच्याकडे उत्तर असते त्याला आरोपाची गरज पडत नाही.

आता परत टिळकांकडे येऊ. ब्रेनवॉश झालेल्या माणसाची खूण कोणती? जुने सगळे पुसले जाते आणि नव्या मालकाला तो 'नाही' म्हणू शकत नाही. टिळकांच्या बाबतीत दोन्ही खुणा सापडत नाहीत. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. त्यांनी अभंगांत आणि भजनांत ख्रिस्ताची भक्ती मांडली, कीर्तने केली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसहून अधिक वर्षे काम केल्यावर १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. धुतलेला मेंदू असे काही करत नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची साक्ष तर याहून मोठी. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे नगरला नवऱ्याकडे आल्या तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद माणसांनी केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा सगळा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगितला आहे. नवऱ्यालाही टोमणे मारत, स्वतःवरही हसत. पाच वर्षे भांडून, विचार करून घेतलेल्या निर्णयाला कोणी ब्रेनवॉश म्हणत असेल तर तो त्या बाईच्या बुद्धीचा अपमान आहे.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांचे वाद सुरू झाले. त्यांची पत्रे आज उपलब्ध आहेत. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. मात्र याच रमाबाईंच्या पुण्यातील शारदासदनावर १८९३ मध्ये वादळ उठले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, म्हणून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती. ज्या विधवा मुलीला जगात दुसरा थारा नाही, तिला थारा देणाऱ्या बाईचा देव आपला वाटणारच. पण तिला दुसरा थारा का नव्हता, हा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारायचा होता.

आमच्या भागाचा १९५६ चा इतिहास या विषयात फार बोलका आहे. तेव्हा भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. त्या सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. तिच्यात एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्तीही होते. समिती चौदा जिल्ह्यांत फिरली आणि अकरा हजारांहून अधिक लोकांना भेटली. १९५६ च्या अहवालात तिने म्हटले की बहुतेक धर्मांतरे पटल्यामुळे झालेली नाहीत. शाळा, दवाखाना, कर्ज यांच्या आडून झालेली आहेत. पुढे मध्य प्रदेशात १९६८ चा कायदा आला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

अहवालाचे वर्ष तेच, शहर तेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. येवल्याची घोषणा १९३५ ची. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या वर्षांत त्यांनी सगळे धर्म तपासले. आणि भाषेकडे लक्ष द्या. आपण 'दीक्षा घेतली' म्हणतो. 'घेतली' या क्रियापदाला कर्ता आहे. आमच्या जिल्ह्यातल्या अनेक कुटुंबांनी तेव्हा हा निर्णय घेतला. त्यांतले कितीतरी जण अक्षरओळख नसलेले शेतमजूर होते, आणि त्यांना आपण काय सोडतो आहोत हे चांगले ठाऊक होते. मग जशपूरचा आदिवासी ख्रिस्ती झाला की तो भोळा, कर्जापायी गेला, एवढेच का म्हणायचे? काही जण कर्जापायी गेलेही असतील. पण प्रत्येकाला वेगळे विचारल्याशिवाय ते कसे कळणार?

माझा स्वतःचा धंदाही या प्रश्नातून सुटत नाही. मी मुलांकडून पाठांतर करून घेतो. मुसलमान मुले कुरआनच्या सूरह पाठ करतात, शेजारची मुले स्तोत्रे पाठ करतात, ख्रिस्ती मुले प्रभूची प्रार्थना, आणि शाळेत सगळी मिळून संविधानाची उद्देशिका. लहानपणी पाठ केलेले सगळेच डोक्यात खोल बसते. फरक पडतो तो नंतर. बारावा-तेरावा लागला की मूल 'असे का?' विचारू लागते. तेव्हा त्याच्या गालावर चापट बसते की त्याला उत्तर मिळते, यावर ते शिक्षण होते की दुसरे काही, हे ठरते.

मुसलमान म्हणून मी हजरत ईसा (अलै.) यांना अल्लाहचे पैगंबर मानतो. ते देवाचे पुत्र आहेत हे मला पटत नाही, आणि ते मी ख्रिस्ती मित्रांना मोकळेपणाने सांगतो. पण 'मला पटत नाही' आणि 'तुझा मेंदू धुतला गेला आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यानंतर बोलणे सुरू राहते, दुसऱ्यानंतर संपते. कुरआनच्या सूरह बकराची २५६ वी आयत धर्मात जबरदस्ती नाकारते. ती आयत फक्त दुसऱ्यांनी आपल्यावर करायच्या जबरदस्तीबद्दल नाही. आपल्या घरातून कोणी दुसऱ्या वाटेने गेला, तर त्याच्याशी आपण कसे वागतो, त्यालाही ती लागू आहे.

म्हणून यापुढे कोणी 'ब्रेनवॉश' म्हणाले, तर मी त्याला तीन गोष्टी विचारतो. त्या माणसाचे वय किती होते? त्याची भाकरी कोणाच्या हाती होती? आणि त्याला परत यायचे असते, तर दार उघडे होते का, त्यांचे आणि आपलेही? या तिन्हींचे उत्तर वाईट निघाले, तर खुशाल तक्रार करा, मी सोबत येईन. पण उत्तरे चांगली निघाली, तर राहिले फक्त पुस्तक. आणि पुस्तकाला उत्तर द्यायचे असेल तर ते आधी वाचावे लागते. टिळकांनी निदान तेवढे तरी केले होते.