बडोद्याने बोलावलेली माणसे

एखादे ग्रंथालय शंभर वर्षे टिकते, तेव्हा ग्रंथांइतकेच ते ग्रंथ लावणाऱ्या हातांचेही स्मरण करणे उचित ठरते. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीत त्यांतील पहिले हात सातासमुद्रांपलीकडून आले होते. दूरदेशीचे गुणी लोक आपल्या नगरीत आणावेत कसे आणि ठेवून घ्यावेत कसे, हा प्रश्न आज जगातील मोठमोठ्या शहरांना पडला आहे. बडोद्याने तो शतकाहून अधिक काळापूर्वीच हाताळला. त्यात यश किती आले व अपयश किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

१८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण राज्याधिकार आले. तेव्हापासून गुणग्राहकता हे जणू या संस्थानचे धोरणच झाले. मेजर मँट यांनी लक्ष्मीविलास राजवाड्याची आखणी केली आणि त्यांच्या निधनानंतर चिझम यांनी तो १८९० मध्ये पूर्णत्वास नेला. १८९३ मध्ये क्यू येथील उद्यानात तयार झालेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल येथे आले. इंग्लंडात शिक्षण पूर्ण करून परतलेले अरविंद घोष हेही त्याच वर्षी संस्थानच्या सेवेत रुजू झाले. या मंडळींना वेतन तर मिळालेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे काम करण्यास मोकळे मैदान मिळाले. कल्पना पटली की तिच्यामागे द्रव्य व अधिकार दोन्ही उभे करणारा धनी येथे होता.

याचे उत्तम उदाहरण विल्यम बॉर्डन यांचे. अमेरिकेतील न्यू हेवन येथील हे ग्रंथपाल १९१० मध्ये बडोद्यास आले. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते. पण शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर शिकलेली अक्षरे पुसली जातील, हे महाराजांनी ओळखले होते. त्यांनी आपला राजवाड्यातील ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. बॉर्डन यांनी त्याची रचना केली, ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून येथल्यासाठी वर्गीकरण सिद्ध केले आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठविण्याची फिरती ग्रंथालयेही याच चळवळीत वाढली.

१९१३ मध्ये बॉर्डन स्वदेशी परतले. म्हणजे बडोद्याने त्यांना टिकवले नाही, असे वरवर दिसते. परंतु माणूस गेला तरी विद्या येथेच राहिली. त्यांच्यामागे काम सांभाळणारे कुडाळकर, खेडोपाडी वाचनालये उभी करणारे मोतीभाई अमीन आणि त्या वर्गातून शिकून निघालेले ग्रंथपाल यांनी ती पुढे नेली. पाहुण्याकडून शिकून घेण्याची सोय त्याच्या येण्याबरोबरच केली, यात या धोरणाची खरी दूरदृष्टी होती. उलट क्रुम्बिगेल १९०८ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात गेले, बंगळूरच्या लालबागेशी एकरूप झाले आणि १९५६ मध्ये तेथेच निवर्तले. तेव्हा परका माणूस मुळीच रुजत नाही, असेही म्हणता येत नाही.

या इतिहासाचे एक पान मात्र मान खाली घालावयास लावणारे आहे. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर दहा वर्षे सेवा करण्याच्या करारानुसार १९१७ मध्ये येथे रुजू झाले. अशी विद्वत्ता लाभलेले अधिकारी त्या काळी संस्थानात किती असतील? पण त्यांना राहावयास घर मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला व ते मुंबईस निघून गेले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

न्यू हेवनच्या माणसाला जे नगर आपले म्हणू शकले, त्याला आपल्याच देशातील एका सुपुत्रास छप्पर देता आले नाही. राजाच्या हुकमाने पद मिळते, वेतन मिळते. शेजार मिळत नाही. शेजार हा समाजाने द्यावयाचा असतो. गुणी माणूस नगरात राहतो की जातो, याचा निर्णय पुष्कळदा दरबारात नव्हे, तर गल्लीतल्या दारापाशी होतो.

या प्रांती आपण मराठी माणसेही कधीकाळी बाहेरूनच आलो. कोणी दप्तर सांभाळण्यास आला, कोणी शाळेत शिकविण्यास. येथे आपले घर झाले, म्हणूनच आपले ग्रंथालयही झाले. या वास्तूचे शंभरावे वर्ष साजरे करताना, उद्या कोणी अनोळखी वाचक पायरी चढून आला तर त्याला प्रथम नाव न विचारता पुस्तक कोणते हवे ते विचारावे, एवढे जरी आपण पाळले, तरी त्या जुन्या ऋणाची थोडीफार फेड होईल.